भिंगरीचा पान्हा

९ जानेवारी २०००

सरकी पेंडवाल्यानं डायरी दिली. वर त्याच्याच दुकानाचं नाव, सोनेरी अक्षरात. अमरेश म्हणाला, "अव्वा, रतिबाचं लिही हिच्यात." रतिबाचं माझ्या डोक्यात असतंय, त्याला कागद कशाला? पण चौथीपर्यंत शिकले आहे, मास्तर अक्षराला बरं म्हणायचे. बघू म्हटलं, हात वळतोय का.

बोलायला तरी घरात कोण आहे? अमरेश शिरोलीला फौंड्रीत. पाळी करून आला की पोरगं जेवता जेवता झोपतंय. आणि मालक गेल्या दिवाळीच्या पाडव्याला भिंगरी म्हशीला रस्त्यानं पळवून आले, पंधरवड्यात पडले ते पडलेच. उजवं अंग गेलं, वाचा गेली. नुसतं हुं हुं करतात. दुसरी म्हैस त्यांच्या दवाखान्याच्या खर्चाला विकली. भिंगरी राहिली. आता धार मी काढते. मला ते काम आवडत नाही. मालक कासेला हात लावायच्या आधी तिच्याशी कानडीत गप्पा मारत बसायचे, "बारे तंगी, बारे," म्हणजे ये गं धाकटे बहिणी. बायकोला कधी एवढ्या गोडीनं हाक मारली नाही. मी बादली ठेवते आणि काम उरकते.

१५ जानेवारी

भिंगरीचं रेडकू हगवणीनं गेलं. संक्रांतीचा तीळगूळ पण कुणाला दिला नाही.

संध्याकाळी भिंगरी दूधकट्ट्यावर नेली. गिऱ्हाईकं ग्लास, तांबे घेऊन उभी. डोळ्यांदेखत धार काढून फेसासकट हातात दिली तरच आमच्या पेठेतल्या माणसाला दूध पिल्यासारखं वाटतंय. भिंगरी पान्हवेना. सड ओढून ओढून माझी बोटं दुखायला लागली. कास गच्च भरलेली आणि थेंब नाही. दोन गिऱ्हाईकं शेजारी उभ्या शशिधरच्या म्हशीकडं गेली. अंबूबाई तेवढी थांबली. ती म्हणाली, "चन्नाक्का, तिच्याकडं असं दात खाऊन बघितल्यावर ती काय देणार? मी असते तर मी पण दिलं नसतं."

सगळे हसले. मी बादली उचलून घरी आले. काही जण मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढं ठेवतात. मला ते बघवत नाही.

१९ जानेवारी

आज पण तेच. घरात मालकांचं वेगळंच. ऐन धारेच्या टायमाला डावा हात कॉटच्या दांडीवर आपटत बसतात. ठाण ठाण ठाण. चहा दिला, सांडला. पाणी दिलं, तोंड फिरवलं. एवढ्या वर्षांत माझ्या कामाच्या वेळेला कधी चहा मागितला नाही, आता अंगात बळ नसताना मागायचं सुचतंय. म्हटलं, "मुद्दाम करताय न्हवं?" तर डोळ्यांत पाणी. त्या पाण्याला मी फसत नाही.

२२ जानेवारी

शशिधरनं तोडगा सांगितला. कट्ट्यामागच्या बोळात बोलावून खिशातनं बाटली काढली. लेबल नाही, रबरी बूच. म्हणाला, "सगळे मारतात चन्नाक्का. तूच एकटी हात फिरवत बसलीयास. टोच, शंभर म्हणायच्या आत म्हैस सोडतीया."

"काय असतंय ह्यात?"

"पान्ह्याचं औषध. तुला आंब्याशी मतलब का झाडाशी?"

सुई मुठीत लपवली, वर पदर घेतला, मांडीत टोचली. भिंगरीनं कातडं थरथरवलं. आणि खरंच सांगते, बघता बघता सड फुगले आणि धार अशी लागली की बादली वाजायला लागली. अंबूबाई म्हणाली, "काय गं, म्हशीला नळ बसवलास का?"

आज बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

११ फेब्रुवारी

आता सगळं टायमात होतंय. सुई, बादली, गिऱ्हाईक, घर. शशिधर बाटल्या आणून देतो.

मालकांचं आपटणं मात्र वाढलं. शेजारची आक्का विचारायला लागली, घरात मारामारी असतीया का म्हणून. दवाखान्यातल्या डॉक्टरनं झोप न लागली तर द्यायला गोळी दिलती. मी ती धारेच्या आधी दुधात कुस्करून द्यायला लागले. मी गोठ्यात जाईपर्यंत डोळे मिटतात. शांत. गोठा कॉटच्या मागच्या भिंतीला लागूनच आहे, तिकडनं भिंगरी मध्ये मध्ये हंबरते, तेवढाच काय तो आवाज.

६ मार्च

भिंगरी रेड्याला दाखवली. लागेल असं वाटतंय.

कामं लिहिण्यासारखी काही नाहीत. मालक हल्ली दिवसा पण पेंगतात. अमरेश म्हणतो, "अव्वा, अप्पा पैला माझ्याकडं बघून हसायचे तरी." म्हटलं, हसून काय करायचंय, पोट भरतंय न्हवं?

१९ मे

डोस वाढवला. आधीच्या सुईला आता भिंगरी ऐकत नाही. शशिधर म्हणतो सगळ्यांचंच तसं होतंय, सवय लागतीया. सवय लागते तर कमी लागायला पाहिजे की. उलटं कसं, ते त्याला सांगता येईना.

म्हैस माझ्याकडं बघत नाही. माझ्या मुठीकडं बघते. मी आंबोण घेऊन गेले तरी आधी मूठ बघते, मग मागचे पाय घट्ट जवळ घेते. दावणीला मोकळी असली तर भिंतीला जाऊन चिकटते. म्हैस आहे म्हणून. माणूस असतं तर बोललं असतं.

२ जुलै

गाभण आहे हे नक्की. चौथा सरला. वेळेवर व्याली आणि रेडी झाली तर मालक बरे झाल्यासारखंच धरेन. काहीतरी तरी सरळ व्हायला पाहिजे घरात.

सुई चालूच आहे. गिऱ्हाईक थांबत नाही.

२३ ऑगस्ट

भिंगरी गाभडली.

सकाळी गोठ्यात गेले तर मागं पडलेलं. रेडीच होती. अंगावर केस नीट आले नव्हते. भिंगरी तिला चाटत होती. मी पोतं टाकलं तर पोतं बाजूला करून चाटत राहिली.

२४ ऑगस्ट

वार पडेना म्हणून अमरेशनं जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. मोटारसायकलवरनं आली ती पोरगी! वर्षाराणी नाव, राधानगरीकडची. मी म्हटलं, "तुमचे साहेब न्हाईत का?" ती म्हणाली, "मीच साहेब, मावशी. गरम पाणी आणा." आणि खांद्यापर्यंत हात घातला. 

हात धुता धुता तिची नजर भिंगरीच्या मांडीवर गेली. गाठी गाठी झाल्यात तिथं.

"कवापास्नं टोचताय?"

"टॉनिक हाय."

"मावशी, मी म्हशीला फसत न्हाय, तुम्हाला फसू व्हय?"

मग सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर मी पण ओरडले असते, बरं झालं असतं. ती खाली बसली आणि शेणानं सारवलेल्या भुईवर बोटानं द्राक्षाचा घड काढला.

"कास म्हंजे पखाल न्हवं. आत अशा बारीक पिशव्या असतात, डोळ्याला दिसणार न्हाईत एवढ्या. दूध तिथं तयार हुतं आणि तिथंच अडकून बसतं. प्रत्येक पिशवीला भायेरनं पेशींची जाळी असती, आपण मुठीत धरावं तशी. सडाला हात लागला, वळखीचा आवाज आला, की म्हशीच्या मेंदूतनं एक औषध रक्तात सुटतंय. तिचं तीच सोडती. ते फिरत फिरत कासेत येतंय. त्या पेशींना दारं असतात, त्याच औषधाच्या मापाची. दारात ते बसलं की पेशी मूठ आवळती, पिशवी दबती, दूध खाली येतंय. त्यालाच आपण पान्हा म्हणतो."

"आणि सुई?"

"सुईत तेच औषध. ऑक्सिटोसिन. पण तिचं ती चिमटीनं सोडती, तुम्ही रोज घागरीनं ओतलं. रोज एवढं दार बडवल्यावर पेशी दारंच आत ओढून घेतात. मग तिचं सोताचं हळू बोलावणं पोचतच न्हाय. म्हणून डोस वाढला."

"आणि हे?" मी काल रेडीवर टाकलेल्या पोत्याकडं बोट केलं.

 "गर्भपिशवीच्या अंगाला पण तीच दारं असतात. कळा त्याच औषधानं येतात. त्यानंच झालं असं मी छातीवर हात ठेवून सांगत न्हाय. दुसरं पण कारण असंल. पण गाभण म्हशीला ते देत न्हाईत, मावशी."

 अमरेश तान्हा असतानाचं आठवलं. मी कट्ट्यावर उभी, तो घरात पाळण्यात, आणि दुसऱ्याच कुणाचं लेकरू रडलं तरी माझी चोळी भिजायची. लाज वाटायची. ते पण हेच, म्हणजे. मला कुणी सुई मारली नव्हती.

ती म्हणाली, "घाबरलं जनावर की दुसरंच औषध सुटतंय, ते रक्ताच्या वाटा आवळतंय. तुमचा हात बघूनच ती आवळून घेती आता. आदी धार कोण काढायचं?"

"मालक."

"काय करायचे?"

"काय करायचे म्हंजे? बसायचे. बोलायचे तिच्यासंगं."

"मग त्यास्नी आणा की गोठ्यात."

"ते बोलत न्हाईत आता. नुसतं हुं हुं."

तेवढ्यात भिंतीपलीकडनं ठाण ठाण ठाण. गडबडीत आज गोळी द्यायची राहिलती. भिंगरीनं मान वर केली आणि भिंतीकडं दोन्ही कान लावले. हंबरली. पलीकडनं हुं आलं. परत ठाण ठाण.

"कोण हाय तिकडं?" डॉक्टरीणबाईनं विचारलं.

म्हटलं, मालक. महिनाभर रोज ऐकत होते, मग गोळीनं गप्प केलं. आज ऐकलं.

२५ ऑगस्ट

काल तिला जाताना विचारलं, माणसाच्या झोपेच्या गोळीचं पण असंच असतंय का. म्हणाली, "मी जनावरांची डॉक्टर, मावशी. पण दारं सगळ्यांच्याच पेशींना असतात. ती गोळी मेंदूतल्या पेशींच्या दारात जाऊन बसती आणि त्यांचं आपसातलं बोलणं बारीक करती."

बोलणं बारीक करती. ज्याचं बोलणं आधीच गेलेलं.

दवाखान्यात जाऊन त्या डॉक्टरला खरं काय ते सांगितलं. त्यानं मला भरपूर सुनावलं. एकदम बंद करू नका, हळूहळू कमी करा म्हणाला. सुनावून घेतलं. उलट उत्तर केलं नाही, पहिल्यांदाच.

सुया आणि बाटल्या खड्ड्यात पुरल्या.

२ सप्टेंबर

काल गणपती बसले पेठेत. अमरेश आणि शशिधरनं खुर्चीसकट मालकांना उचलून गोठ्यात नेलं. शशिधर खाली मान घालून आला, खाली मान घालून गेला. त्याच्यावर राग काढावा वाटला, पण सुई माझ्या मुठीत होती.

भिंगरी आली आणि मालकांचा मेलेला हात चाटायला लागली. उजवा. त्यांना त्यात काही कळत नाही, पण बघत होते. मग डावा हात तिच्या गळ्याखाली घातला आणि हुं, हुं, हुं असं लांबवत लांबवत काढलं. "बारे तंगी"ची चालच ती. शब्द गेलेत, चाल राहिली. कॉटवर असताना पण तीच असणार. मी शब्द शोधत होते.

दूध काही आलं नाही. मी बादली घेऊन तयारच होते, माझी सवय. पण भिंगरी त्यांच्या पायाशी बसली आणि रवंथ करायला लागली. माझ्यापुढं तिनं किती महिने रवंथ केला नव्हता.

९ सप्टेंबर

कट्ट्यावरची आमची जागा दुसऱ्यानं घेतली. घेऊ दे.

अमरेश म्हणतो, "अव्वा, जयसिंगपूरचा दलाल इचारत हुता. गाभडलेली म्हैस, दूध न्हाई, किती दिस नुसती पोसायची?" त्याचं चुकत नाही. तो भट्टीपुढं भाजतो आणि आम्ही तिघं खातो. म्हटलं, पाडव्यापर्यंत थांब. नाही पान्हवली तर दे.

दलाल कुठं विकणार ते आम्हा दोघांना माहीत आहे. कुणी नाव घेतलं नाही.

१७ सप्टेंबर

आज आलं!

मालक डाव्या हातानं कास चोळत होते, मी पलीकडनं सड धरला होता, न ओढता. डॉक्टरीणबाईनं सांगितलं तसं नुसती बसून. मला बसणं म्हणजे शिक्षा. पाय वळले, मुंग्या आल्या, घरात तांदूळ निवडायचे पडलेत ते आठवलं. मालक हुं हुं करत होते. आणि सड बोटात गरम झाला. बारीक धार. ग्लासभर पण नाही.

मालक अर्ध्या तोंडानं हसले. मला पण हसू आलं, मग रडू, मग नाक पुसून म्हटलं, "बघताय काय, एवढ्यानं चहा पण हुणार न्हाई." त्यांनी डाव्या हातानं माझ्या डोक्यावर टपली मारली. तरुणपणी मारायचे.

अंबूबाईला बोलावून तिच्या नातवाला ते दूध दिलं. ती म्हणाली, "एवढंच?" म्हटलं, "व्हय, एवढंच. ह्यात माझं काही न्हाई, म्हणून देतीया."

तिला कळलं नाही. तिच्या नातवाला मी किती महिने काय पाजलं ते सांगायचं धाडस अजून झालं नाही.

२९ सप्टेंबर

चार-पाच दिवस दूध येत होतं. मग मालकांना ताप भरला, गोठ्यात नेता येईना. भिंगरीनं परत दूध चोरलं. भिंतीकडं तोंड करून उभी असते.

३ ऑक्टोबर

मालक गेले.

७ ऑक्टोबर

दसरा. सोनं कुणाला दिलं नाही.

आम्हा लिंगायतांत माणसाला बसवूनच माती देतात. कपाळाला भस्म, हातात लिंग, मांडी घातलेली. खड्ड्यात ते असे बसले होते, जसे गोठ्यात बसायचे. मान जरा पुढं. मला एकदम वाटलं, म्हैस आणून उभी करावी. लोक वेडी म्हणाले असते. आणली नाही.

डॉक्टर म्हणाला होता, दुसरा झटका, तो कधी ना कधी येणारच होता. गोळ्यांनी काही झालं नाही, असं तोच म्हणाला. झालं नसेल. पण जागेपणाचे किती दिवस मी त्यांना झोपवून घालवले, त्याला तो काय औषध देणार? मला धारेची घाई होती. ते रोज सांगत होते घाई कशी करू नये ते.

२० ऑक्टोबर

भिंगरीपुढं जाऊन बसते. ती मूठ बघते. मी मूठ उघडून दाखवते. रिकामी आहे बघ. ती बघते आणि मागं सरते. दुसऱ्या दिवशी परत.

डॉक्टरीणबाई येऊन गेली. विचारलं, पेशी परत दारं लावतात का? म्हणाली, "लावतात मावशी, बडवायचं थांबलं की. कासेतल्या लवकर लावतील. डोक्यातल्या भीतीचं मला सांगता येत न्हाय."

म्हटलं, "तुझ्याकडं काही इंजेक्शन न्हाई का त्याला?" आणि माझी जीभ मीच चावली. ती हसली नाही, तेवढं बरं केलं तिनं.

२८ ऑक्टोबर

पाडवा. सकाळपासून रस्त्यावर धिंगाणा. मोटारसायकलींचे आवाज, हलगी, आणि मागनं म्हशी पळतात. शिंगांना रंग, गळ्यात कवड्या, अंगावर मोरपिसं. मालकानं हाक मारली की धावत येतात. गेल्या वर्षी ह्याच दिवशी भिंगरी नुसत्या "बारे तंगी" वर पळाली होती, गर्दी फोडून.

आमच्यात सुतक-विटाळ धरत नाहीत, पण सजवायचं मन झालं नाही. तिला नुसतं धुतलं, शिंगांना तेल लावलं. तेल लावू दिलं तिनं. मागनं गेले की पाय जवळ घेते, म्हणून पुढनंच लावलं.

अमरेश दारात उभा राहिला. "अव्वा, पाडवा आला. दलालाला काय सांगू?"

"दूध आलंय का इचार की."

"आलंय का?"

"न्हाई."

"मग?"

"सांग, द्यायची न्हाई म्हणून. मी कट्ट्यावर दुसऱ्यांच्या धारा काढीन, शेणी लावीन. ही इथंच मरंल. मी पण."

तो गोठ्यात आला, मालकांची खुर्ची भिंतीकडनं ओढली, माझ्यामागं ठेवली आणि गेला.

मी बसले. बादली आणली नव्हती. दोन्ही हात उघडे करून मांडीवर ठेवले. बाहेर कुणाची तरी म्हैस पळत गेली, लोक ओरडले. भिंगरीनं रस्त्याकडं बघितलं.

मी हाक मारली. बारे तंगी. लग्नानंतर कानडी बोलायचं मी सोडलं, घाईत मराठीच तोंडात येते. आवाज फाटका आला. त्यांच्यासारखं लांबवता येत नाही मला. परत मारली. मग शब्द सोडून नुसतं हुं काढलं, त्या चालीवर.

तिनं एक कान माझ्याकडं फिरवला. दुसरा भिंतीकडंच होता, कॉट होती तिकडं.

मी उठले नाही.